घाममा बस्नुस्

पहिल्या वर्षी त्याला 'घाम' या शब्दाने फसवलं. की आम्हाला फसवलं म्हणू?

2003 चा डिसेंबर असेल. रत्नागिरीजवळच्या आमच्या बागेत मोहोर डोकावायला लागला होता आणि राखणीला आम्ही पहिल्यांदाच नेपाळचा माणूस ठेवला होता. सकाळी दाट धुकं पडलं होतं. धुकं म्हणजे मोहोराचा काळ, त्यामुळे घरात सगळ्यांचे चेहरे उतरलेले. आठच्या सुमाराला ते विरलं आणि अंगणात ऊन उतरलं. तो पायरीवर उभा राहून तोंडभर हसत म्हणाला, "घाम लाग्यो!"

आजी आत गेली आणि पंचा घेऊन आली. ऐन गारठ्यात कोरडाठाक उभा असलेला माणूस घाम आला म्हणतोय म्हणजे अंगातला ताप उतरत असणार, असा तिचा हिशोब. पंच्यापाठोपाठ सुंठीचा काढाही आला. त्याने तो निमूट प्यायला. नेपाळीत घाम म्हणजे ऊन, आणि घाम लाग्यो म्हणजे ऊन पडलं, हे आम्हाला कळेपर्यंत पुढचे दोन हंगाम गेले. तोवर त्याला ऊन दिसलं की काढा मिळत होता.

कोकणात ऑक्टोबर उजाडला की बागायतदार एकमेकांना पावसाचं विचारत नाहीत, "नेपाळी आले काय तुमचे?" असं विचारतात. तिकडची तिहार, म्हणजे आपली दिवाळी, आटोपली की ते निघतात आणि जूनच्या पहिल्या पावसाला परत जातात. मधल्या सात महिन्यांत फवारणीचे पाइप ओढणं, रात्रीची राखण, वानरं हाकणं, घळ, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन कलमाच्या शेंड्यापर्यंत चढणं, अढी लावणं, पेट्या भरणं. आंबा देवाच्या कृपेने येतो असं आम्ही म्हणतो. उतरवतो मात्र नेपाळी.

आणि या सगळ्यांना आम्ही सरसकट 'बहादूर' म्हणतो, नाहीतर 'गुरखा'. आमचा माणूस ना आडनावाने बहादूर होता, ना गोरखा जिल्ह्यातला. तो सुदूरपश्चिमेचा, महाकाली नदीच्या पलीकडचा. त्याचं नाव विचारायला आम्हाला किती दिवस लागले ते लिहायची लाज वाटते. पुढे मी त्याला दाजू म्हणायला लागलो, म्हणजे थोरला भाऊ. माझ्याहून तो चार-पाच वर्षांनीच मोठा. आजी शेवटपर्यंत बहादूरच म्हणायची, पण तिचं एक कौतुक होतं. "घड्याळासारखा आहे हो. सहा म्हटलं की पावणेसहाला हजर. आपले गडी बघा."

त्याच्या गावाकडे भारतात कामाला जाण्याला 'कालापहाड जाणं' म्हणतात. नकाशात असा पहाड शोधू नका. डोंगर उतरून, नदी ओलांडून जिथे माणूस महिनोनमहिने दिसेनासा होतो, तो काळा पहाड. त्याच्या आज्याचा काळा पहाड कुमाऊंत होता, बापाचा दिल्लीत, याचा आमच्या आंब्यात.

पासपोर्ट त्यातल्या कुणाकडेच नव्हता. लागतही नाही. 31 जुलै 1950 रोजी काठमांडूत भारत आणि नेपाळ यांच्यात शांतता आणि मैत्रीचा करार झाला. त्याच्या सातव्या कलमानुसार एका देशाच्या माणसाला दुसऱ्या देशात राहण्याची, मालमत्ता करण्याची, व्यापाराची, हिंडण्याफिरण्याची मुभा आहे. सतराशेहून जास्त किलोमीटर लांबीची सीमा आणि कुंपण नाही. मला आंतरराष्ट्रीय राजकारण फारसं कळत नाही, मी आंब्यातला माणूस. पण आपल्या उपखंडात असं दुसरं उदाहरण शोधायला लागलो तर भूतानपाशी थांबावं लागतं.

याच कराराबद्दल नेपाळात मात्र कुरबूर आहे, आणि ती समजून घ्यायला कायद्याची पदवी लागत नाही. करारावर नेपाळकडून सही केली खुद्द पंतप्रधान मोहन शमशेर राणा यांनी, भारताकडून आपल्या राजदूतांनी. सोयरीक ठरवायला एकाकडून घरचा कर्ता पुरुष बसलाय आणि दुसऱ्याकडून कारभारी पाठवलाय, अशी ती बैठक. शिवाय राणांचं राज्य पुढच्या काही महिन्यांतच गेलं. कराराचा फेरविचार व्हावा म्हणून 2016 मध्ये दोन्ही देशांच्या जाणत्या मंडळींचा एक गट नेमला. त्यांनी 2018 मध्ये अहवाल तयार केला आणि तो स्वीकारायला भारताला वेळच मिळाला नाही. वेळ मिळत नाही हे कारण मोठ्या घरांत चालतं. धाकट्या घरातला माणूस पायरीवर बसून राहतो.

2015 चं साल माझ्या नीट लक्षात आहे, कारण त्या एका वर्षात मैत्रीच्या दोन्ही बाजू दिसल्या.

25 एप्रिल, शनिवार. काढणी ऐन भरात. दाजू वर झाडावर, मी खाली आंबे क्रेटमध्ये लावतोय. आपल्या घड्याळात 11 वाजून 41 मिनिटांनी तिकडे जमीन हलली. आम्हाला कळलं तासाभराने, टीव्हीमुळे. काठमांडूचा धरहरा मनोरा पडलेला दाखवत होते. दाजूचं गाव तिथून खूप पश्चिमेला, पण हे त्या वेळी कोण सांगणार? फोन लागत नव्हता. बागेतल्या पाच जणांचे पाच फोन, पाचही जण एका दगडावर उभे, कारण रेंज तेवढ्याच दगडावर. चार वाजता त्याच्या बायकोचा आवाज आला. तो काहीच बोलला नाही, नुसता "हजुर, हजुर" म्हणत राहिला, आणि मग घळ उचलून पुन्हा झाडावर चढला. मी नको म्हणालो. "आंबा थांबत नाही ना," म्हणाला. हे आमचंच वाक्य. आम्हीच त्याला शिकवलेलं.

भारताची विमानं त्याच दिवशी काठमांडूत उतरली. जवान, डॉक्टर, तंबू, औषधं. मोहिमेचं नाव ऑपरेशन मैत्री. जवळजवळ 9,000 माणसं गेली त्या भूकंपात, आणि पहिल्या हाकेला शेजारी धावला हे नेपाळी माणूस नाकारत नाही. पण आमच्या वाहिन्यांचे बातमीदार ढिगाऱ्याखालून निघालेल्या बाईच्या तोंडापुढे माईक धरून "कैसा लग रहा है" विचारत होते. आठवड्याभरात तिकडे त्यांना परत जा म्हणायला लागले. मदत करणाऱ्याने मदतीचे फोटो काढायला लागलं की घेणाऱ्याचा हात आखडतोच.

सप्टेंबरमध्ये नेपाळची नवी राज्यघटना आली, तराईत, म्हणजे भारताला लागून असलेल्या सखल पट्ट्यात, तिथल्या मधेशी लोकांचं आंदोलन पेटलं, आणि सीमेवरून पेट्रोल, गॅस, औषधं जाणं जवळपास थांबलं. नेपाळ म्हणालं, ही भारताने केलेली नाकेबंदी. भारत म्हणाला, आंदोलन तुमच्या हद्दीतलं, आमचे ट्रकवाले जायला घाबरतात. चार महिन्यांहून जास्त काळ हे चाललं. दाजू त्या वर्षी नोव्हेंबरात आला तेव्हा नेहमीसारखा हसत आला नाही. मी विषय काढला तर म्हणाला, "घरी आई भूकंपात मेली नाही, धुराने मरेल." गॅस संपला होता, सगळे पुन्हा लाकडांवर आले होते. एवढंच बोलला. त्या हंगामात त्याने भारताबद्दल एकही शब्द काढला नाही. एखाद्याच्या घरात राहून त्या घराबद्दल बोलायचं नाही, ही रीत त्याच्याकडेही आहे.

आता पऱ्याची, म्हणजे ओढ्याची, गोष्ट सांगतो, कारण त्याशिवाय मला भारत-नेपाळ सीमेवरचा कालापानीचा वाद कळला नसता.

आमची बाग आणि चुलत्यांची बाग यांच्यामध्ये एक पऱ्या आहे. जुन्या कागदांत हद्द म्हणून 'पऱ्या' एवढंच लिहिलंय. गोम अशी की वर डोंगराकडे पऱ्याला दोन फाटे आहेत. एक लांबून येतो पण बारीक, दुसरा जवळचाच एक झरा. खरा पऱ्या कुठला? लांबचा धरला तर आठ कलमं आमची, झरा धरला तर त्यांची. आज्यापासून दावा चालू आहे. दोन्हीकडच्या गडग्याचे दगड रात्रीतून सरकतात. तरी गौरी-गणपतीला एकमेकांकडे जाणं-येणं चालू असतं, आणि तिथे पऱ्याचा प काढायचा नाही असा नियम.

1816 च्या सुगौली तहात ईस्ट इंडिया कंपनीने नेपाळची पश्चिमेची हद्द काली नदी ठरवली. काली म्हणजेच खाली आल्यावर महाकाली. पण काली नेमकी कुठे उगम पावते? नेपाळ म्हणतं, वर लिंपियाधुराहून येणारा प्रवाह तीच खरी काली. भारत म्हणतो, कालापानीच्या झऱ्यांपासून निघते ती. मधला सगळा टापू या एका प्रश्नात अडकलाय. मे 2020 मध्ये भारताने त्या टापूतल्या लिपुलेख खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्याचं उद्घाटन केलं आणि दोनच आठवड्यांत नेपाळने तो टापू स्वतःत धरून नवा नकाशा काढला.

हे सगळं चालू असताना दाजू आमच्या पडवीत बसलेला होता. टाळेबंदीत सीमा बंद, गाड्या बंद, बागेत आंबा पिकून खाली पडतोय, मुंबईचा बाजार नीट चालत नाही. टीव्हीवर एक निवेदक नेपाळला त्याची लायकी दाखवून देत होता. मी बंद करायला उठलो तर दाजूने हाताने थांबवलं. मग अंगणातल्या मातीत त्याने काटकीने नदी काढली, तिला वर दोन फाटे काढले. मी काही विचारायच्या आत तो म्हणाला, "तुमचा पऱ्या." आणि हसला. सतरा वर्षं तो आमच्या त्या आठ कलमांवरचे आंबे उतरवत होता, चुलते पलीकडून शिव्या देत असताना. दावा त्याला आमच्या वकिलाहून जास्त ठाऊक.

त्याचा पुतण्या तेव्हा सैन्यभरतीची तयारी करत होता, म्हणजे आपल्या सैन्याच्या. 1947 च्या त्रिपक्षीय करारापासून नेपाळचे तरुण भारताच्या गोरखा रेजिमेंटमध्ये येत आले आहेत. कोरोनात भरती थांबली, मग 2022 मध्ये अग्निपथ योजना आली आणि नेपाळ सरकारने ती मान्य केली नाही. भरती थांबली ती थांबलीच. पुतण्या आखातात गेला.

नोव्हेंबर 2023 मध्ये दाजूच्या मुलीचं लग्न ठरलं. वीस वर्षांत तो आमच्या घरच्या तीन लग्नांत राबला होता. मी त्याच्याकडे एकदाही गेलो नव्हतो. या वेळी गेलो. दिल्लीच्या आनंदविहारहून रात्रीची बस, सकाळी सीमेवरचं बनबसा. तिथे नदीवर इंग्रजांनी बांधलेला बंधारा आहे, 1928 पासून चालू. आपल्याकडे नदीचं नाव शारदा, तिकडे महाकाली. या बंधाऱ्यासाठी 1920 मध्ये नेपाळने सुमारे 4,000 एकर जमीन दिली आणि बदल्यात दुसरीकडे तेवढी घेतली. त्याच बंधाऱ्यावरून अरुंद रस्ता पलीकडे जातो. खाली दारांतून पाणी घुमतं, वर ई-रिक्षा, सायकली, डोक्यावर गाद्या घेतलेली माणसं. माझ्याकडे कुणी मतदार ओळखपत्रसुद्धा नीट बघितलं नाही. माझ्यापुढे चाललेल्या कामगारांच्या बॅगा मात्र टेबलावर रिकाम्या होत होत्या: मुलाचे बूट, प्रेशर कुकर, मोबाइलचे डबे.

पलीकडे पाऊल टाकलं आणि मला एकदम साक्षर झाल्यासारखं वाटलं. तमिळनाडूत गेलं की पाट्या वाचता येत नाहीत. इथे परदेशात सगळं वाचता येत होतं. देवनागरीच ना ती. वाचता येतं आणि कळत नाही, ही गंमत वेगळीच. 'पसल' म्हणजे दुकान. 'भन्सार' म्हणजे जकात. 'प्रहरी' म्हणजे पोलीस, हा तर आपल्याहून चांगला शब्द. एका भिंतीवर 'कोठा भाडामा'. इथे पोट भाड्याने देतात की काय असं क्षणभर वाटलं. कोठा म्हणजे खोली. दुकानाच्या पाटीवर स्थापना 2055 लिहिलेलं. तिथे विक्रम संवत चालतो, आणि मी गेलो तेव्हा 2080 चा मंसिर महिना चालू होता.

घर तराईत, महेंद्रनगरच्या बाहेर, आमच्या आंब्याच्या पैशांतून उभं राहिलेलं. मांडवात दिव्यांच्या माळा. 2009 च्या आसपास इथे हिवाळ्यात दिवसाला सोळा-सोळा तास वीज नसायची. तेव्हा दाजूला आमच्याकडचं लोडशेडिंग चैन वाटायची. आता पावसाळ्यात नेपाळ भारताला वीज विकतो आणि हिवाळ्यात नद्या आटल्या की भारताकडून घेतो. डिझेल 2019 पासून मोतिहारीहून अमलेखगंजला 69 किलोमीटरच्या पाइपलाइनने जातं. हे मला दाजूच्या मेव्हण्याने सांगितलं, तो वीजखात्यात आहे. नाकेबंदीचा उल्लेख त्याने केला नाही, पण पाइप जमिनीखालून जातो हे त्याने दोनदा सांगितलं.

मांडवात एका म्हाताऱ्याला मोठा मान होता. दाजूची मुलं त्याच्या पाया पडत होती, नवरीने त्याच्याकडून टिळा लावून घेतला. मला वाटलं थोरले काका. तर तो बनबशाचा, म्हणजे आपल्या बाजूचा, कुमाऊंनी माणूस. दाजूच्या वडिलांचा 'मीत'.

नेपाळात मैत्रीचा विधी असतो. दोन माणसं ठरवून मीत लावतात: ब्राह्मण बोलावून, एकमेकांना टिळा लावून, कपडे आणि नाणी देऊन. जात, भाषा, गाव वेगळं असलं तरी चालतं. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांना मीतज्यू म्हणायचं, अहोजाहो करायचं. एक सावकार आणि दुसरा हमाल असला तरी अहोजाहो दोन्हीकडून. एक गेला तर दुसऱ्याने सुतक पाळायचं. मुलं एकमेकांची भावंडं, त्यांच्यात लग्न नाही. बापाचा मीत तो मितबा. आपल्याकडे मानलेला भाऊ असतो, पण आपण मानतो तेव्हा मानणारा आणि मानून घेणारा असे दोन असतातच.

मला तिथे बसल्या बसल्या दोन्ही देशांच्या सेनापतींची प्रथा आठवली. 1950 पासून भारताच्या सेनाप्रमुखाला नेपाळच्या सैन्याचं मानद जनरलपद मिळतं आणि नेपाळच्या सेनाप्रमुखाला भारताच्या. तलवार, मानचिन्ह, सलामी, दोन्हीकडे सारखं. सरकारी मीतच तो. दोन देशांमध्ये बरोबरीने चालणारी एवढी एकच गोष्ट मला सापडली, आणि तीही लष्करात सापडावी याची मौज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी मी म्हणत होती. दाजूच्या आईने मला आत बोलावलं, ट्रंक उघडली आणि फडक्याची गाठ सोडली. पाचशेच्या 14 नोटा. आपल्या, जुन्या, गांधीजींच्या. 2016 च्या नोव्हेंबरात त्या रद्द झाल्या तेव्हा दाजू कोकणात होता आणि नोटा इथे. नेपाळ राष्ट्र बँकेकडेही अशा जुन्या नोटा पडून राहिल्या, त्यांचा तोडगा निघाला नाही, तर हिच्या 14 नोटा कोण बदलून देणार? आता तर दहापेक्षा जास्त जुन्या नोटा आपल्याकडे बाळगणंच गुन्हा आहे. मी हे तिला कसंबसं हिंदीत सांगितलं. तिने ऐकून घेतलं, गाठ मारली, ट्रंक लावली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "घाममा बस्नुस्."

घामात बसा. मी अंगणात जाऊन उन्हात बसलो. तिने चहा आणून दिला, गुळाचा. मी नेलेल्या आंबावडीचा तुकडा दातांविना चघळत तिने निकाल दिला की दाजू दर जूनला आणतो तो हापूस बरा, पण त्यांचा मालदह त्याहून गुलियो, म्हणजे गोड. रत्नागिरीच्या माणसाला हे ऐकून घेणं किती अवघड असतं ते बाहेरच्यांना कळायचं नाही. मी ऐकून घेतलं. भादव्यात त्यांच्याकडे गौरा बसते, झाडाच्या रोपांची, आणि पाच कडधान्यं भिजवून बिरुडा करतात, हेही तिने सांगितलं. आमची गौर तेरड्याची, हे मी तिला खुणेने सांगायचा प्रयत्न केला. तेरडा खुणेने सांगणं सोपं नाही.

चार दिवसांनी आम्ही दोघं बरोबरच निघालो, हंगाम वाट बघत होता. बंधाऱ्यावर त्याची बॅग उघडली, माझी नाही. पुलाच्या मध्यावर माझा फोन आपोआप पंधरा मिनिटं मागे गेला. नेपाळचं घड्याळ आपल्याहून तेवढं पुढे असतं. दाजूच्या मनगटावर जुनं काट्यांचं घड्याळ. मी म्हटलं, "दाजू, घड्याळ लाव. भारत आला."

"हे मी कधी बदलत नाही," तो म्हणाला. "जूनमध्ये परत जायचंच असतं ना."

मी त्याच्या मनगटाकडे बघत राहिलो. सहाला बोलावलं की पावणेसहाला. वीस वर्षं.